शाळेच्या जनरल रजिस्टरापाशी एक पावसाळा

ज्या हायस्कुलातून मी दहावी झाले, त्याच हायस्कुलात छत्तीस वर्षे मराठी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता शाळेची वाट पुन्हा नित्याची होणार नाही, असे वाटत होते. परंतु या जूनमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला. ते माझेच विद्यार्थी. "टीचर, ऑफिसच्या मागच्या खोलीत पाणी गळले आहे. जुनी रजिस्टरे भिजली. काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे, ते तुम्ही येऊन सांगा," असे ते म्हणाले. त्या खोलीत पुढे संगणकाचा वर्ग व्हायचा असल्यामुळे व्यवस्थापन समितीलाही निर्णय हवा होता. दुसऱ्या दिवशी मी गेले, आणि तेव्हापासून आजपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी तिथेच बसते आहे.

आमचे हायस्कूल फोंडा तालुक्यात, म्हणजे जुन्या अंत्रुज महालात आहे. स्थापना गोवामुक्तीच्या आधीची, इमारत चिरेबंदी, वर मंगळुरी कौले. कौलांची शाळा दिसायला देखणी असते, पण एखादे कौल सरकले तर कोणत्या कपाटावर धार लागेल हे सांगता येत नाही. या खेपेस ती लागली नेमकी जनरल रजिस्टरांच्या कपाटावर.

शाळेच्या कचेरीशी ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल शाळेत दाखल होते त्या दिवशी जनरल रजिस्टरात त्याच्या नावाची एक ओळ लिहिली जाते. अनुक्रमांक, नाव, पालकाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, मातृभाषा, पालकाचा धंदा, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता हे रकाने त्याच वेळी भरतात. शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण हे शेवटचे दोन रकाने मात्र कोरे राहतात. ते भरायला कधी सहा वर्षे लागतात, कधी सहा महिने. अनुक्रमांक शाळेच्या पहिल्या दिवसापासून सलग चालत आलेला असतो. वही संपली तरी तो आकडा मोडत नाही. आपण ज्याला शाळा सोडल्याचा दाखला म्हणतो, तो या वहीतल्या एका ओळीचा उतारा असतो.

पहिले आठ दिवस केवळ सुकवण्यात गेले. ओले पान उन्हात टाकायचे नसते, कारण कागद कडक होऊन मोडतो आणि शाई उडते. म्हणून पंख्याखाली, दोन पानांमध्ये टिपकागद घालून, एकेक वही उघडी ठेवली. माझी समजूत होती की सर्वांत जुन्या वह्यांची सर्वांत अधिक हानी झाली असेल. घडले उलटेच. जुन्या कारकुनांनी निळी-काळी पक्की शाई वापरली होती आणि ती पाण्याला पुरून उरली. पुढच्या काळात स्वस्त निळी शाई आली, त्या वह्यांतल्या ओळी मात्र पसरून ढगांसारख्या झाल्या आहेत. एका वहीला वाळवी लागली होती, दोन वह्यांना कसर. टाचण्या गंजून कागदात उतरल्या होत्या; त्या काढून तिथे सुती दोरा घातला. शिपाई आणि मी असे दोघेच हे काम करत होतो. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, आणि पान उलटताना ते जो हात लावत तो पाहून मला त्यांच्यावर कधीच काही सांगण्याची वेळ आली नाही.

पाने सुकली तशी मी ती वाचू लागले, आणि मग वाचनाने मला सोडले नाही.

पहिल्या वहीची पार्श्वभूमी थोडी सांगावी लागेल. पणजीत लिसेव हे सरकारी हायस्कूल १८५४ मध्येच सुरू झाले होते, परंतु ते पोर्तुगीज भाषेतले शिक्षण; अंत्रुजातल्या शेतकऱ्याच्या मुलाला भाषेनेही दूर आणि अंतरानेही दूर. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, धर्मसत्तेचा राज्यकारभारावरचा पगडा सैल झाला, आणि गोव्यातील हिंदू समाजाला स्वतःच्या शिक्षणसंस्था उघडपणे उभारणे सोपे झाले. तत्पूर्वी १९०८ मध्येच पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली होती; तिचे नावच सांगते की घराघरातून काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्यावर शाळा चालवण्याचा तो संकल्प होता. १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. आमच्या शाळेसारख्या अनेक लहान शाळा त्याच वाऱ्यात रुजल्या. शिकवणे मराठीतून, सोबत इंग्रजी, आणि वरच्या वर्गातल्या मुलांचे लक्ष मुंबईच्या मॅट्रिककडे. परीक्षेसाठी सरहद्द ओलांडावी लागे, आणि गोव्यावरची आर्थिक नाकेबंदी सुरू झाल्यावर तर तो प्रवास साधा राहिला नाही. मॅट्रिकला बसायला गेलेली काही मुले परत आलीच नाहीत. मुंबईतच कामाला लागली. त्यांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: "मुंबईस गेला."

त्या पहिल्या वहीत एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. काही मुलांच्या पालकाच्या रकान्यात आईचे नाव आहे, आणि वडिलांचे नाव कुठेच नाही. अंत्रुज महाल हा देवळांचा प्रदेश. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे या गावांतील देवस्थानांच्या सेवेत असलेल्या स्त्रियांच्या मुलांना बापाचे नाव मिळत नसे, आणि त्यापायी त्यांना काय सोसावे लागले हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी अगोदर भीत भीत पाहिले की त्या ओळींत काही वेगळी खूण, काही शेरा आहे का. नाही. तेच वळणदार अक्षर, तीच शाई, आणि पुढच्या अनुक्रमांकावर एखाद्या भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा. त्या कारकुनाचे नाव मला ठाऊक नाही, पण त्याने त्या दिवशी काही विचारले नाही किंवा विचारूनही लिहिले नाही, याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी फार आदर आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर आडनावांचेही सांगते, कारण कचेरीत सर्वाधिक लोक त्यासाठीच येतात. गोव्यात जन्मनोंदणी पोर्तुगीज अमदानीपासून सक्तीची होती, आणि तिथे नाव पोर्तुगीज वळणाने लिहिले जाई. नाईक हे आडनाव तिथे क्यू, यू, ई या अक्षरांनी संपते. 'श'साठी एक्स येतो, त्यामुळे शेट एक्सने सुरू होतो. शेणवींचे सिनाय होते. शाळेच्या वहीत तेच मूल देवनागरीत नाईक आणि शेट असते, आणि मुक्तीनंतरच्या इंग्रजी कागदांवर आणखी तिसऱ्याच अक्षरांनी. माणूस एक आणि नावे तीन. नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढताना, जमिनीच्या वारसाहक्कात, आणि अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या अर्जात ही तीन नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करावे लागते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनाही तो अर्ज करता येत असल्यामुळे, आज्याच्या नावाची ओळ शोधत नातू येतात. अशा वेळी ज्या वहीत आज्याचे नाव, पणज्याचे नाव आणि गाव एका ओळीत आहे, ती वही फार मोलाची ठरते. नाव बदलण्यासाठी राज्याचा १९९० चा कायदा आहे. परंतु नाव बदललेले नसून लिहिण्याची लिपी बदललेली आहे, हे सांगायला कायद्यापेक्षा ही वहीच अधिक उपयोगी पडते.

१९६१ च्या डिसेंबरात काय घडले ते वही सांगत नाही. १८ तारखेला लष्कर आत आले, १९ ला गोवा मुक्त झाला, आणि वहीत त्या महिन्यात एकही नोंद नाही. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर नवे मूल कुठून येणार? बदल दिसतो तो काही वर्षांनी. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांतून चौथी झालेली मुले साठच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पाचवीत येऊ लागली. जन्मगावाच्या रकान्यात तोपर्यंत देवळांभोवतालची तीच ती आठ-दहा नावे आढळत होती. आता डोंगरापलीकडचे वाडे, खाणीच्या बाजूची गावे, नदीपलीकडच्या वस्त्या एकामागून एक उतरू लागल्या. पूर्वीच्या शाळेच्या रकान्यात "सरकारी मराठी प्राथमिक शाळा" हे शब्द इतक्या वेळा आले की कारकुनाने पुढे केवळ "स. म. प्रा." असे लिहायला सुरुवात केली. शिक्षणाच्या प्रसाराबद्दल मी वर्गात पुष्कळ बोलले असेन, पण तो इतका स्पष्ट मला कधी दिसला नव्हता.

पालकाच्या धंद्याचा रकानाही असाच बोलका आहे. आरंभी व्यापारी, भट, शेणवी घरांतले जमीनदार. मग "कूळ", "मुंडकार" (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) हे शब्द येतात. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर "कूळ" हा शब्द धंदा म्हणून लिहिलेला जवळजवळ दिसत नाही. त्या जागी "शेती" येते. ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी हा फरक जाणून केला की नाही, ते सांगता येणार नाही. मला मात्र तो जाणीवपूर्वक केलेला वाटतो. त्यानंतर "खाणीवर", "ट्रक", "बार्जवर" यांचा काळ येतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या त्या वर्षी मी नववीची वर्गशिक्षिका होते. पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांचे फॉर्म तपासताना, ज्या गावांतून "ट्रक मालक" लिहून येत असे त्याच गावांतून "रोजंदारी" लिहून आलेले मी स्वतः पाहिले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी, बाहेर मुसळधार पाऊस असताना, एक वयस्कर गृहस्थ ओली छत्री व्हरांड्यात ठेवून आत आले. दाखला नको होता, कसलेही काम नव्हते. जुन्या वह्या काढल्या आहेत हे त्यांनी गावात ऐकले होते. ते म्हणाले, "बाय, म्हज्या भयणीचें नांव आसतलें मगो?" बहीण दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्यांना साल नक्की आठवत नव्हते, म्हणून दोन वह्या चाळाव्या लागल्या. नाव सापडले. आठवीत दाखल, आदल्या शाळेचा शेरा उत्तम, आणि नववीच्या मध्यावर शाळा सोडल्याची तारीख. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: "लग्न."

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले की तिचे लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झाले. शाळा सोडली ती आई आजारी पडली आणि घरात भावंडांना पाहायला कोणी नव्हते म्हणून. त्या भावंडांतले एक ते स्वतः. शाळेत कोणी काही विचारले तर काय सांगायचे, तर लग्न ठरले म्हणून सांगितले, कारण ते सांगितले की पुढे कोणी विचारत नसे. त्यांनी वहीत दुरुस्ती करायला सांगितले नाही, आणि मलाही तसा अधिकार नाही. मी त्या पानाची झेरॉक्स काढून त्यांना दिली. ते गेल्यावर मी साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या सगळ्या वह्यांमधून मुलींच्या ओळींचा तो शेवटचा रकाना पुन्हा वाचला. "लग्न" हा शब्द पुष्कळ ठिकाणी आहे. त्यांतली किती लग्ने होती आणि किती आजारी आया, ते आता कोण सांगणार?

त्याच ओळीत आणखी एक नोंद होती, जी त्या गृहस्थांना मुळीच खटकली नाही. मातृभाषा: मराठी. माझ्याशी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कोंकणीत बोलत होते, आणि मीही त्यांना कोंकणीतच उत्तर देत होते. आमच्याकडच्या हजारो घरांत हे असेच आहे. चुलीपाशी कोंकणी, आणि पोथी, पत्र, भजन, शाळा, वर्तमानपत्र मराठीत. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही या १९६७ च्या जनमत कौलात आणि पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी या दोन भाषांवरून घराघरांत वाद झाले, माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली; पहिले मी ऐकले आहे, दुसरे पाहिले आहे. त्या काळात रकान्यातला एक शब्द लिहिताना पालकाचा हात थबकत असे. एका वहीत तर "मराठी" खोडून "कोंकणी" आणि तेही खोडून पुन्हा "मराठी" लिहिले आहे, आणि शेजारी मुख्याध्यापकांची छोटी सही आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवले, त्या भाषेवर माझे प्रेम आहे, आणि तरीही मला असे वाटते की या रकान्यात एका शब्दापुरतीच जागा ठेवली, हीच मूळची अडचण होती.

आता त्या रकान्यात काय येते ते पाहायला हवे. गेल्या पंधरा वर्षांच्या वह्यांत कन्नड, हिंदी, नेपाळी, उडिया अशी नावे वाढत गेली आहेत. बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत काम करणाऱ्यांची ही मुले. आमच्या शाळेचे माध्यम आता इंग्रजी आहे, मराठी हा एक विषय राहिला आहे, आणि माझ्या शेवटच्या काही वर्षांत मराठीत सर्वांत सुबक निबंध लिहिणारी मुलगी घरी लमाणी बोलणारी होती. स्थानिक घरांतली मुले शहरातल्या नामांकित शाळांकडे जातात आणि आमच्यासारख्या जुन्या शाळांचे वर्ग या मुलांमुळे टिकून आहेत, ही वस्तुस्थिती पुष्कळांना सांगायला आवडत नाही. मला ती सांगाविशी वाटते. शाळा ज्यांच्यासाठी निघाली होती ते तेव्हा कुठे मोठ्या घरचे होते?

मी मागच्या खोलीत बसलेली असते तेव्हा शाळेचा दिवस कानांवर पडत राहतो. मुलांना आणणारी बालरथ बस फाटकात वळते, घंटा होते, प्रार्थना होते. मधल्या सुटीआधी स्वयंसहाय्य गटाच्या दोघी बाया माध्यान्ह आहाराचे डबे उतरवतात. ज्या दिवशी भाजी-पाव असतो त्या दिवशी व्हरांड्यातला गलबला निराळाच असतो. व्हरांड्याच्या कठड्यावर रेनकोट वाळत टाकलेले असतात. एवढे मात्र बदलले आहे की नवे वर्ष आता पावसाबरोबर सुरू होत नाही. माध्यमिक वर्ग २०२५ मध्ये ७ एप्रिललाच भरले. मे महिन्याची सुटी मध्ये आली आणि जूनमध्ये मुले परतली ती निम्मी पुस्तके हाताळून झालेली. माझ्या पिढीच्या मनात कोऱ्या वहीचा वास आणि पहिल्या पावसाचा वास एकच होता. एप्रिलच्या उकाड्यात, पंख्याची वीज गेलेली असताना, नव्या मुलांना बसवणे मला अजूनही पटलेले नाही, आणि ते मी पालक-शिक्षक संघाच्या सभेतही सांगितले.

वहीत कोऱ्या जागाही आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीत थांबलेली दहावीची परीक्षा गोवा बोर्डाने मे-जूनमध्ये घेतली. बाकांवर एक सोडून एक मुले, तोंडाला मास्क, दारात हातावर सॅनिटायझर, आणि आम्ही पर्यवेक्षक मुलांपेक्षा अधिक घाबरलेले. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, परीक्षाच रद्द झाली. त्या दोन वर्षांच्या ओळी शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींच्या शेवटच्या रकान्यात "दहावी उत्तीर्ण" एवढेच आहे. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसणारी मुले त्या ओळींत कुठेही दिसत नाहीत.

समितीपुढे प्रश्न होता तो हा की सगळी माहिती आता ऑनलाईन भरली जाते, प्रत्येक मुलाला अपार हा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक मिळतो, तेव्हा या वह्यांना जागा अडवून का ठेवायचे. काहींचे म्हणणे होते की पाने स्कॅन करावीत आणि मूळ वह्या काढून टाकाव्यात. स्कॅन करावे हे मलाही मान्य आहे. आम्ही ते सुरूही केले आहे. पण मूळ वही टाकण्यास मी स्पष्ट विरोध केला. खोडलेली मातृभाषा, वर दाबून लिहिलेला आकडा, एका कारकुनाचे अक्षर संपून दुसऱ्याचे सुरू होते ती जागा, शाईतला फरक यांवरून नोंद त्याच वेळी केली की मागाहून घातली हे कळते, आणि वारसाहक्काच्या दाव्यात नेमका तोच प्रश्न विचारला जातो. शिवाय ऑनलाईन फॉर्ममध्ये पर्यायांच्या यादीतून एक निवडायचा असतो. "मुंबईस गेला" असा पर्याय कोणत्या यादीत असणार? समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी, ज्यांचे आजोबा पहिल्या वहीत आहेत, माझी बाजू घेतली आणि विषय तिथे मिटला. संगणकाचा वर्ग मागच्याच खोलीत होईल. वह्यांसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट येईल, जमिनीपासून हातभर उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर.

कपाट गेल्या सोमवारी आले. सुकलेल्या वह्या तांबड्या कापडात बांधून, मध्ये कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालून, क्रमाने लावल्या आहेत. वाळवीची वही बांधणीसाठी फोंड्याला दिली आहे. पसरलेल्या शाईच्या दोन वह्या राहिल्या आहेत. त्यांतल्या ज्या ओळी वाचता येत नाहीत त्या त्या काळच्या हजेरीपटांशी ताडून वेगळ्या कागदावर लिहायच्या आहेत, मूळ पानाला हात न लावता. गणेशचवथ आठ दिवसांवर आली आहे. शिपाई माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांचे, सामान आणायला डोंगरात जाणार म्हणून शनिवारपासून रजेवर आहेत. सुटी संपली की आम्ही दोघे पुन्हा बसणार आहोत. त्या दोन वह्यांतल्या दुसऱ्या वहीत माझी स्वतःची ओळ आहे. तिच्यातला जन्मगावाचा रकाना पुसला गेला आहे, आणि तो इतर मुलांसारखाच हजेरीपटावरून भरावा लागेल.